सांगायची राहिलेली खोड

अमरेश बिराजदाराला हैदराबाद रोडच्या गॅरेजवाल्यांनी दोन नावं ठेवली होती. तोंडावर ‘डिफ्रेंशन मेस्त्री’ आणि पाठीमागं ‘मारका मेस्त्री’. दोन्ही अगदी खरी. मार्केट यार्डाच्या पुढं गॅरेजांची जी ओळ लागते, तिच्यात इंजिनवाले पाच, पत्रा ठोकणारे सात, पण मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, ज्यातली दातेरी चाकं इंजिनाची ताकद डावीउजवीकडं वाटतात, त्या डिफ्रेंशनमध्ये हात घालणारा एकटा अमरेश. जेवता जेवता रस्त्यावरनं एखादी पिकअप गेली की तो घास तसाच हातात धरून म्हणायचा, “ह्याचा पिनियन गेलाय. पंधरा दिवसांत येतोय बघ.” आणि गिऱ्हाईक यायचंच.

काम देवासारखं. दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, फिरवायचा, शेंदूर कुठं पुसला गेला ते बघायचं, कागदाएवढी पातळ चकती घालायची, परत फिरवायचं. असं दहादहा वेळा. तेव्हा त्याच्याइतका शांत माणूस सोलापुरात सापडला नसता.

पण राग! बापरे, तो राग म्हणजे काही विचारू नका. त्याचा उस्ताद सिद्धप्पा, त्यानं ह्याला शिकवलं ते बोलून नाही, फेकून. पाना फेकून, बेअरिंग फेकून. कपाळावरची खोक त्या शिक्षणाची. पाच वर्षं मार खाल्ला आणि सहाव्या वर्षी अमरेशनं उस्तादाचेच दोन दात पाडून स्वतःचं गॅरेज टाकलं. त्यानंतर एका ट्रकवाल्याची काच हातोड्यानं फोडली. मेव्हण्याला त्याच्याच लग्नाच्या मांडवात धरून बदडलं, का तर अक्षता पडताना हसला म्हणून. दोन दिवस पोलीस कोठडीत काढले आणि बाहेर आल्या आल्या, सोडवायला आलेल्या चुलत्याच्या कानाखाली वाजवली. त्याच्या बायकोला, ईरम्माला, डाव्या कानानं कमी ऐकू येतं. ते कशानं झालं, हे ओळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी विचारत नव्हतं. ती स्वतः म्हणायची, “लहानपणी कान फुटला हुता.” सांगताना खाली बघायची.

पण एक चांगली रीत होती त्याची, आणि तिच्यावरच ही सगळी हकिगत उभी आहे. गाडी दुरुस्त करून चावी देताना तो आधी हात धुवायचा, विभूतीचं बोट स्टिअरिंगला लावायचा आणि गिऱ्हाइकाला समोर उभं करून त्या गाडीची खोड सांगायचा. एकच खोड, एकाच वाक्यात. “उतारावर न्यूट्रल टाकू नको.” “तेल गळतंय ते गळू दे, सील बदलू नको.” गिऱ्हाइकानं ते वाक्य परत म्हणून दाखवल्याशिवाय चावी हातात पडत नसे. सिद्धप्पा उस्तादाकडून घेतलेली हीच एक गोष्ट त्यानं मारामारीशिवाय सांभाळली होती. ह्या रीतीमुळं कैक माणसं वाचली असतील.

तर गेल्या डाळिंबाच्या हंगामानंतर सांगोल्याकडचा धुळाप्पा आपली जुनी जीप घेऊन आला. साठीचा माणूस, डोक्याला पटका, बोलणं सावकाश. बरोबर त्याचा पोरगा गुरु, पंचविशीचा, अंगानं पैलवान आणि जिभेनं वकील.

“मेस्त्री, ह्या जीपीला काय तर करा की,” धुळाप्पा म्हणाला. “वस्तीवरनं येताना वढा हाय. निस्ती वाळू. डाळिंबाचं क्रेट भरलं की एक चाक गरागरा फिरतंय आन् दुसरं मख्खासारखं उभं. औंदा दोन दिस गाडी वढ्यातच हुती. निम्मा माल नासला.”

“फिरणारच की,” अमरेश म्हणाला. “साध्या डिफ्रेंशनची जातच आळशी. जे चाक हलकं, त्यालाच सगळी ताकद देतंय. आपण प्लेटींचं घालू. आत क्लचसारख्या प्लेटी असतात. एक चाक उगं फिरायला लागलं की त्या धरतात आणि दुसऱ्याला पण ओढायला लावतात. वाळू असू दे न्हाय तर चिखल, दोन्ही चाकं मिळून गाडी भाईर काढतील.”

धुळाप्पाचा चेहरा खुलला. गाडीच्या बॉनेटवर हात फिरवत तो म्हणाला, “लई गुणाची हाय बगा ही. वज्जं आणती, पावणं आणती, आन् फवारणी बी हिच्यावरच. मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, टायर काढायचा, रिमवरनं पट्टा पंपाला टाकायचा आन् गिअर टाकायचा. दुसरं चाक गप बसतंय, हे पळतंय. इंजिन निराळं घ्यायची गरजच न्हाय.”

अमरेशनं ते ऐकलं. नीट ऐकलं. त्याच क्षणी त्याच्या डोक्यात ह्या गाडीची खोड ठरली. कारण जे चाक आजवर गप बसत होतं ते आता गप बसणार नव्हतं. एक चाक हवेत फिरवलं की जमिनीवरचं दुसरंही ओढणार, आणि अख्खी जीप जॅकवरनं उडी मारून पुढं जाणार. समोर जो असेल त्याला घेऊन. चावी देताना सांगायचं वाक्य त्यानं मनात पक्कं करून ठेवलं: एक चाक उचलून गिअर टाकायचा नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारातनं त्यानं प्लेटींचं युनिट आणलं, उघडलं, घासलं, नव्या प्लेटी घातल्या, शेंदूर लावून दात जुळवले. चार दिवस कुणाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी दुपारी बापलेक गाडी न्यायला आले.

गुरुनं एक चक्कर मारून आणली. वळणावर मागनं कट्‌कट्, कट्‌कट् आवाज येत होता. प्लेटींच्या डिफ्रेंशनला तो येतोच, तेल मुरलं की जातो. पण गुरुनं गाडी मधोमध उभी केली आणि खाली उतरून ओळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, “आण्णा, भंगार बसवलंय ह्यानं!”

“नव्या प्लेटी हायत. आवाज जाईल,” अमरेश म्हणाला. एवढं बोलायलाही त्याला कष्ट पडले. हात शिवशिवायला लागले होते.

“म्हंजे आवाज येतोय हे कबूल!” गुरुनं खिशातनं मोबाईल काढला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. “बगा मंडळी, सोलापूरचा चोर मेस्त्री. तोंड बगून ठिवा. म्हातारी माणसं बगतोय आन् भंगार...”

चोर! अमरेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थप्पड अशी बसली की मोबाईल एकीकडं, गुरु एकीकडं. ओठ फाटून रक्त आलं. गुरु काही ऐकून घेणारा नव्हता, त्यानं डोकं खाली घालून अमरेशच्या पोटात धडक दिली. दोघं सांडलेल्या तेलात लोळले. अमरेशनं त्याची कॉलर धरून तोंड जमिनीवर दोनदा आपटलं आणि तिसऱ्यांदा हातात चाकाचा पाना घेतला. तो डोक्यातच बसायचा, पण शेजारचा मल्लिनाथ वेल्डर धावत आला आणि त्यानं अमरेशचा हात मागनं धरला. पाना गुरुच्या खांद्यावर पडला.

“मेस्त्री, सोडा! मरंल पोरगं!” धुळाप्पा हात जोडून ओरडत होता. त्याचा पटका सुटून तेलात पडला होता.

अमरेशनं गुरुला सोडलं. जीपची चावी खिशातनं काढली आणि धुळाप्पाच्या पायाशी भिरकावली. “घ्या आणि चालते व्हा! परत ह्या ओळीत दिसलात तर तंगडी तोडीन.”

म्हाताऱ्यानं तेलातनं चावी उचलली. रक्त पुसणाऱ्या पोराला शेजारी बसवून त्यानं गाडी काढली आणि गेला. विभूतीचं बोट नाही, खोड नाही, काही नाही. अमरेश नळाखाली डोकं धरून उभा होता आणि तोंडानं शिव्या चालू होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तो घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात बसला होता. ईरम्मानं ताटात दही वाढलं. कालचं सगळं तिला मल्लिनाथच्या बायकोकडनं कळलं होतं. ती उजवा कान त्याच्याकडं करून बसली आणि म्हणाली, “मारलं ते मारलं. गाडीची खोड तरी सांगितली न्हवं?”

अमरेशचा घास तोंडातच राहिला.

धुळाप्पाचं वाक्य जसंच्या तसं आठवलं. फवारणी बी हिच्यावरच. पाठोपाठ आणखी एक आठवलं, म्हातारा काल आल्या आल्याच म्हणाला होता, “उद्या सकाळी फवारायचं हाय, गाडी आज पायजेच.” उद्या म्हणजे आज.

हात न धुता त्यानं फोन लावला. धुळाप्पाचा फोन गुरुनं उचलला.

“कोन?”

“मी अमरेश मेस्त्री. ऐक...”

“आयला तुज्या! परत फोन करतोस व्हय रं?” आणि मग गुरुनं अमरेशच्या आईवरनं अशी शिवी दिली की ती इथं लिहिण्यासारखी नाही.

आठदहा सेकंद होते हातात. एक चाक उचलून गिअर टाकू नका. सहा शब्द. तीनचार सेकंदांत होऊन गेले असते. पण आईचं नाव निघालं आणि अमरेशचं तोंड आपोआप सुटलं. त्यानंही गुरुच्या आईवरनं दिली, दुप्पट दिली, आणि ती पुरी व्हायच्या आत फोन कट झाला. परत लावला तर बंद. परत बंद. ईरम्माच्या फोनवरनं लावला, तरी बंद.

“काय केलात हो तुमी?” ईरम्मा म्हणाली. “सांगायचं सोडून भांडलात? साकु, आता साकु! उठा, जावा! कोण मेलं तर त्या घराला काय तोंड दाखवणार?”

साकु म्हणजे पुरे. तीस वर्षं ती हा शब्द म्हणत होती. त्या दिवशी तो पहिल्यांदा ऐकला गेला.

मोटरसायकल जुनी, रस्ता नव्वद किलोमीटर. देगाव नाक्यावर एक टेम्पो आडवा आला, तर त्याला शिवी द्यायला अमरेशनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिऱ्ह्याचा पूल गेला, कामती गेली. वाऱ्यानं डोळ्यातनं पाणी येत होतं, का नुसतंच येत होतं, कुणास ठाऊक. डोक्यात एकच. जॅक लावला असेल. आता टायर काढला असेल. आता पट्टा टाकला असेल. समोर कोण उभं असेल? बेगमपूरच्या पुलावर त्यानं सिद्धेश्वराला हात जोडले, ते एकाच हातानं, कारण दुसरा ॲक्सिलेटरवर. त्यानं माणसं मारली होती, पण जीव कधी घेतला नव्हता. आज तो घेतला जाणार होता, आणि तोही हात न उचलता, नुसता गप राहिल्यानं. मंगळवेढं मागं पडलं.

सांगोल्याच्या अलीकडं डावीकडं वळल्यावर आठ किलोमीटर कच्चा रस्ता. ओढा लागला. वाळूत कालच्या जीपची खोल चाकोरी उमटली होती, दोन्ही चाकांची सारखी. म्हणजे डिफ्रेंशन चांगलं चाललं होतं. एरवी तो तिथं थांबून खूश झाला असता.

वस्तीवर पोचला तेव्हा दहा वाजून गेले होते. नशीब एवढंच की पाण्याचा टँकर उशिरा आला होता आणि फवारणी अजून सुरू व्हायची होती. टँकर वाटेतच आडवा उभा, मोठ्यानं धडधडत पिंपात पाणी ओतत होता. टँकरच्या अलीकडं गुरु आणि दोन गडी पाईप सरळ करत होते. जीप पलीकडं होती, दिसत नव्हती, पण तिचं इंजिन चालू असल्याचा आवाज अमरेशच्या कानानं टँकरच्या आवाजातनंही वेगळा काढला. न्यूट्रलला होतं. अजून गिअर पडला नव्हता.

त्यानं मोटरसायकल तशीच जमिनीवर टाकली आणि पळत सुटला. “बंद करा! गाडी बंद करा!”

सुजलेल्या ओठाच्या, एक खांदा पाडून उभ्या असलेल्या गुरुनं काय बघितलं? काल ज्यानं तेलात लोळवलं, आज फोनवर आईवरनं शिव्या दिल्या, तो माणूस नव्वद किलोमीटर तुडवत, तोंडाला फेस आलेला, हात वर करून अंगावर येतोय. त्याची तरी काय चूक? त्यानं पाईपाजवळचा बांबू उचलला.

“आला! घरात घुसून मारतोय व्हय? धरा रं ह्याला!”

पहिला बांबू मानेजवळ बसला. आत काहीतरी कट्‌कन मोडलं. अमरेश “एक चाक...” एवढंच म्हणाला आणि दुसरा तोंडावर आला. पुढचे दोन दात गेले, तोंड रक्तानं भरलं. शब्द येईनात, नुसता गुळण्या केल्यासारखा आवाज. एका गड्यानं मागनं धरलं, तर अमरेशचं कोपर सवयीनं मागं गेलं आणि त्या गड्याचं नाक फुटलं. झालं! आता तिघंही पिसाळले. लाथा सुरू झाल्या. बरगडीत, पाठीत, तोंडावर. तो मातीत पडून दोन्ही हातांनी डोकं धरून रक्त थुंकत होता आणि म्हणत होता, “मारा... मला मारा... पण गिअर...”

“मारतोयच की भाड्या!” गुरु म्हणाला आणि परत बांबू घातला.

पिंप भरलं. धडधड थोडी कमी झाली आणि पलीकडनं धुळाप्पाचा सावकाश आवाज आला, “झालं का गं? टाकू का गिअर?” त्याला अलीकडची मारामारी दिसत नव्हती, ऐकू आलेली नव्हती. एका बाईचा आवाज आला, “थांबा वाईच, दवा इरघळू द्या.”

म्हणजे समोर कुणीतरी होतं.

मोडल्या हाडांचा माणूस कुठनं ताकद आणतो, कळत नाही. अमरेशनं गुरुच्या पायाला मिठी मारली, त्याला खाली पाडलं, अंगावरनं घसटत उठला आणि टँकरला वळसा घालून पलीकडं आला. सगळं जसं मनात आलं होतं तसंच. जीपचं मागचं उजवं चाक जॅकवर, टायर काढलेला, रिमवरनं पट्टा मागं रोवलेल्या पंपाला. पुढच्या चाकांना दोन दगड. स्टिअरिंगवर पटका बांधलेला धुळाप्पा, मागं पंपाकडं मान वळवून. आणि जीपच्या नाकासमोर चार पावलांवर, लिंबाच्या झाडाखाली, धुळाप्पाची बायको काशम्मा तोंडाला फडकं बांधून पिंपातलं निळं औषध काठीनं ढवळत होती. पाठ जीपकडं.

“झालं,” ती म्हणाली. “टाका.”

जीपपर्यंत पोचायला वेळ नव्हता. काशम्मा जवळ होती. अमरेश तिच्यावर धावून गेला आणि दोन्ही हातांनी सगळा जोर लावून तिला ढकललं. बाई पिंपासकट आडवी झाली, किंचाळली, निळं औषध तिच्या अंगावर आणि त्याच्या अंगावर सांडलं. तिच्याबरोबर तोही कडेला पडला.

मागनं धावत आलेल्या गुरुला फक्त तेवढंच दिसलं. ह्या राक्षसानं माझ्या आईला पाडलं. तो जनावरासारखा ओरडला आणि बांबू दोन्ही हातांनी डोक्यावर घेऊन उडी मारून आला. आणि उभा कुठं राहिला? जिथं क्षणापूर्वी त्याची आई उभी होती, तिथंच. जीपकडं पाठ करून.

अमरेशनं हात वर केला. वाचायला नव्हे, त्याला बाजूला ओढायला. “सरक! गुरु, सरक!”

धुळाप्पानं क्लच सोडला.

जमिनीवरचं डावं चाक, जे वीस वर्षं गप बसत आलं होतं, त्यानं माती धरली. जीपनं जॅकवरनं उडी मारली, दगड उडवले, पट्टा तोडला आणि नाक खाली घालून पुढं गेली. बंपरनं गुरुला मागनं उचललं आणि लिंबाच्या बुंध्यावर नेऊन आपटलं. हातातला बांबू अमरेशच्या पाठीवर पडला तो त्याच्यानंतर. म्हातारा घाबरला. ब्रेक म्हणून त्यानं जो पाय दाबला तो ॲक्सिलेटरवर. इंजिन गरजलं. दोन्ही चाकं मिळून, अगदी जशी करून दिली होती तशी, जीप परत एकदा पुढं रेटली. हाड मोडल्याचा आवाज टँकरवाल्यालाही ऐकू आला. मग इंजिन आपलं आपण बंद पडलं.

गुरु ओरडला नाही. तो डोळे मोठे करून आपल्या पायाकडं बघत राहिला. ओरडला तो धुळाप्पा.

अमरेश उठला. एका हातानं गिअर काढला, खांदा लावून गड्यांबरोबर जीप मागं ढकलली. अंगातला शर्ट फाडून गुरुच्या मांडीला करकचून बांधला, पान्याचा पीळ दिला. हे करताना कुणी त्याला अडवलं नाही. मघाशी लाथा घालणारा गडी, नाकातनं रक्त गळत, मुकाट्यानं पाय धरून बसला होता. जीप तर तशीच पडली होती, म्हणून टँकरवाल्यानं राहिलेलं पाणी वाटेवर सोडून दिलं आणि सगळ्यांना गाडीत घेतलं. धुळाप्पा मागं टाकीला धरून उभा राहिला. आत केबिनमध्ये सीटवर गुरु आडवा, त्याचं डोकं आईच्या मांडीवर आणि पाय अमरेशच्या.

सांगोल्याच्या डॉक्टरांनी दुपारी तो पाय गुडघ्याच्या वरनं काढला. जीव वाचला. अमरेशच्या खांद्यात स्टीलची पट्टी घातली, तो आता पाना डोक्याच्या वर उचलू शकत नाही. पोलीस आले, त्यांनी दोन्हीकडचं विचारलं, आणि दोन्हीकडनं कुणी काही सांगितलं नाही. पण हे सगळं नंतरचं.

केबिनमध्ये, ओढा ओलांडताना, काशम्मानं तोंडावरचं फडकं काढलं. तिच्या कपाळावर निळं औषध वाळलं होतं. तिनं अमरेशकडं बघितलं.

“तू मला ढकललंस,” ती म्हणाली. “म्हंजे गाडी उडी मारणार ते तुला ठावं हुतं.”

“व्हय.”

“कवापासनं?”

अमरेशच्या तोंडात रक्त होतं. त्यानं ते गिळलं. “गाडी आली त्या दिवसापासनं.”

“मग काल चावी देताना का न्हाय सांगितलंस रं बाबा?”

खोटं बोलायला जागा होती. सांगितलं होतं, तुमच्या माणसांनी ऐकलं नाही, असं म्हणता आलं असतं. त्या अवस्थेत कुणी पडताळून बघितलं नसतं. अमरेश म्हणाला, “राग आला हुता, म्हणून.”

टँकर वाळूतनं गचके खात होता. गुरुनं डोळे उघडले. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. तो अगदी हळू म्हणाला, “सकाळी फोनवर तरी सांगायचं की, मेस्त्री.”

“त्याच्यासाठीच केला हुता. तू आईवरनं शिवी दिलीस.”

“आन् मग तू?”

“मी पण दिली.”

गुरुनं तोंड फिरवलं. त्यानं डोळे मिटले. जीप पोराच्या अंगावर जाताना न रडलेली, त्याचा पाय लोंबताना न रडलेली काशम्मा तिथं तोंडात पदर कोंबून रडायला लागली, आणि सांगोला येईपर्यंत थांबली नाही.